एका काटकोनापायी गडचिरोलीला

पुण्यात कुणालाही सांगून बघा, गडचिरोलीला निघालेय म्हणून. समोरचा भुवया वर करून विचारतो, "कशाला?" मी सगळ्यांना "असंच, फिरायला" म्हणून वाटेला लावलं. शेजारच्या काकूंनी वाघ दिसला तर फोटो पाठव म्हणून बजावलं, त्यांच्यापुढेही मान डोलावली. आता परत आलेय, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मी माझ्या एका विद्यार्थिनीची माफी मागायला गेले होते.

मी मूळची कोल्हापूरकडची. गेली पंचवीस वर्षं पुण्यात एका संशोधन संस्थेत चुंबकांवर काम करते. फ्रिजच्या दाराला चिकटवतात तो चुंबक नव्हे. आमचे चुंबक म्हणजे काचेवर चढवलेले थर, कांद्याच्या पापुद्र्याहून हजारो पट पातळ. संगणकाच्या काही मेमरींमध्ये अशा थराचा बारीक ठिपका असतो. त्याचं तोंड वर असलं तर एक, खाली असलं तर शून्य. लिहायचं म्हणजे तोंड फिरवायचं. ते कमी विजेत आणि बाहेरून दुसरा चुंबक न लावता कसं फिरवावं, यावर जगभरातली माणसं डोकं खाजवत बसली आहेत. त्यातलीच मी एक.

यात आम्हाला हाताशी आलाय अल्टरमॅग्नेट. साध्या चुंबकात सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे असतात, म्हणून तो लोखंड ओढतो. दुसऱ्या एका जातीत शेजारी शेजारी उलट तोंडं करून असतात, म्हणून बाहेरून चुंबकपणा शून्य. अल्टरमॅग्नेट ही तिसरी जात, अगदी अलीकडे ओळखू आलेली. बाहेरून शून्यच, पण वीज सोडली की एका दिशेने 'वर' तोंडाचे इलेक्ट्रॉन सहज पळतात आणि तिच्या काटकोनात 'खाली' तोंडाचे. हे निवडून आलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या चुंबकी थरात शिरले, की त्याचं तोंड फिरवतात. कागदावर फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात मोजायला घेतलं की केस पांढरे होतात.

रंजना मडावी माझ्याकडे पीएचडीसाठी तीन वर्षं होती. गडचिरोली जिल्ह्यातली, चामोर्शीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावची. कमी बोलणारी आणि हाताने फार नीट. आमच्या नमुन्यात चुंबकाचं तोंड बाहेरच्या चुंबकाशिवाय फिरतं, हे तिने पाच महिने मोजून दाखवलं. मग सगळ्या गटासमोर ते मोजून तपासायचा दिवस आला आणि ऐनवेळी नमुन्याची तार तुटली. मला धीर कुठला. "दे इकडे" म्हणून मी ती काच काढली, पुन्हा चिकटवली, तारा जोडल्या. करंगळीच्या नखाएवढी चौरस काच. मोजलं तर सगळं उलटं. वर जायचं ते तोंड खाली.

मी तिथेच, गटातल्या सहाजणांसमोर, तिच्यावर खोटे आकडे लिहिल्याचा आरोप केला. तापट म्हणून माझी ख्याती आहेच. आठ दिवसांनी ती सामान घेऊन घरी गेली.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने तीच काच फोटोसाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काचेच्या एका कोपऱ्यावर रंजनाने ओरखड्याची खूण केली होती, दिशा कळावी म्हणून. जोडलेल्या तारांच्या मानाने ती खूण भलत्याच कोपऱ्यात होती. मी काच काटकोनात फिरवून बसवली होती. आणि अल्टरमॅग्नेटची सगळी गंमतच ती की काटकोनात फिरवला की तो उलट तोंडाचे इलेक्ट्रॉन पाठवतो. म्हणजे रंजनाचे आकडे खरे होतेच, वर माझ्या चुकीने ते दुसऱ्यांदा सिद्ध झाले होते. सगळ्यात चांगला पुरावा समोर असताना मी पोरीला घालवून दिलं.

तिला तीनदा फोन केला. तिने उचलला नाही. मग लांबलचक निरोप लिहिला, त्याला दोन दिवसांनी उत्तर आलं: "या मॅडम. रविवारी या, गावात सगळे असतात." मला वाटलं, किती अगत्य.

चंद्रपूरहून आष्टीकडे

चंद्रपूर म्हणजे भट्टी असं ऐकून मी एक पातळ ओढणी घेऊन गेले होते. सकाळी स्टेशनवर उतरले तर थंडीने बोटं वळेनात. ठरवलेली गाडी घेऊन गजूभाऊ उभे होते. पंचेचाळिशीचे, कानाला मफलर, बोलायला भारी हौशी.

"मॅडम, तुमी उन्हाळ्याचं चंद्रपूर आयकून आल्या," ते म्हणाले. "हे जानेवारीचं आहे." आणि सीटखालची एक घोंगडी काढून दिली. तिला डिझेलचा वास होता, पण मी ती तीन दिवस सोडली नाही.

रस्त्यात एका टपरीवर पोहे खाल्ले. वर चण्याची लाल तर्री ओतून देतात. कोल्हापूरची जीभ म्हणून मी टेचात अजून मागितली. टपरीवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा गजूभाऊंकडे पाहिलं आणि मुकाट्याने घातली. पुढचा पाऊण तास मी नाक पुसत होते आणि गजूभाऊ आरशात बघून गालातल्या गालात हसत होते. आमचं तिखट जिभेला लागतं, यांचं कानात जातं. असो, खोड मोडली.

गोंडपिपरी मागे टाकल्यावर खनिजाचे ट्रक दिसू लागले. त्यांच्या धुळीने रस्त्याकडेची पळसाची पानंसुद्धा विटकरी झालेली. आष्टीच्या पुलाच्या अलीकडे आमचं चाक बसलं. गजूभाऊ जॅक लावायला वाकले आणि मी नेहमीच्या सवयीने जमिनीकडे बघत फिरू लागले. ट्रकमधून सांडलेला एक दगड सापडला. तळहाताएवढा, काळपट लाल, उचलला तर आकाराच्या मानाने चांगलाच जड.

"तुमाले एक इचारू काय मॅडम?" गजूभाऊ म्हणाले. गाडीत मोबाईल अडकवायला चुंबक होता, तो त्यांनी उपसून आणला आणि दगडाला लावला. चुंबक घसरून खाली पडला. "लोखंडाचा दगड आहे नं हा? मंग चिकटत काऊन नाई? दहा जनाले इचारलं मी. कोनी म्हनते कच्चा आहे, कोनी म्हनते नकली आहे."

मला काय, आयता वर्ग मिळाला. त्यांनी बोल्ट फिरवायचे आणि मी सांगायचं. आत लोखंडच आहे, प्रत्येक अणू छोटा चुंबकच आहे, पण शेजारचा बरोब्बर उलट तोंड करून बसलाय. याने ओढायचं, त्याने तेवढंच मागे खेचायचं. बाहेर जवळपास काही उरत नाही.

गजूभाऊंनी पाना थांबवला. "म्हंजे घरात दोघं भांडून राह्यले, अन बाहेरच्याले वाटते का लय शांतता आहे."

पंचवीस वर्षं शिकवतेय, पण इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की या साध्या लाल दगडालाही आता काही शास्त्रज्ञ अल्टरमॅग्नेटच्या यादीत धरतात. त्यांचे डोळे चमकले. "मंग ह्याचा कंप्युटर होते?"

"अजून नाही. हा वीज नीट वाहू देत नाही."

"राहू द्या मंग," म्हणून त्यांनी दगड समोरच्या खणात टाकला. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, इतक्या लांब कोणाकडे चाललात. मी म्हटलं, एका विद्यार्थिनीकडे, तिचं काम अर्धं राहिलंय. "काऊन राहिलं?" या प्रश्नाला मी खिडकीबाहेर वैनगंगा बघत बसले. पुलावरून ती रुंद, उथळ, मधे वाळूची बेटं घेऊन पसरलेली दिसते. आमच्या पंचगंगेच्या दहापट तरी असेल.

मार्कंडा आणि चामोर्शी

शनिवारी दुपारी वेळ होता म्हणून मार्कंड्याला गेलो. वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहते, आणि वळणावरच देऊळ आहे. भिंतीवर एवढी शिल्पं आहेत की बघायला सुरुवात कुठून करावी कळत नाही. एक बाई आरसा बघतेय, एक पायातला काटा काढतेय. हजारेक वर्षं ती काटाच काढतेय आणि अजून तोंड वाकडं आहे, हे मला फार आवडलं.

दुरुस्तीसाठी उतरवलेले दगड अंगणात मांडून ठेवले होते. प्रत्येकावर आकडा आणि बाण. एक वयस्कर गवंडी सावलीत बसला होता, त्याला विचारलं, बाण कशाचे?

"वरची बाजू कोनती, अन आतली कोनती, त्याचे. नुसता नंबर पाहून भागत नाई बाई. दगड फिरला का सांधा जुळत नाई."

"चुकतं का कधी?"

"चुकते नं. मंग चहा पेतो अन पुन्हा उतरवतो."

इतक्या सहज म्हणाला की मला हसू आलं. आमच्याकडे चुकल्यावर चहा प्यायची पद्धत नाही. तेवढ्यात एका वानराने माझ्या हातातली पेरूंची पिशवी नेली आणि परांचीवर बसून एकेक पेरू चावून खाली टाकू लागलं. गवंडी म्हणाला, तो रोजचाच आहे. माणसापेक्षा वानराची ओळख जास्त, अशा सुरात.

रात्रीचं जेवण चामोर्शीत एका बाईंच्या खाणावळीत केलं. ताटात भाताचा डोंगर, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. मी पोळी मागितली. "भात खा नं जी, इथी कोन पोळी खाते," म्हणून बाईंनी आणखी भात वाढला. घट्टसर, किंचित मातकट चवीचं ते वरण मला इतकं आवडलं की मी तिसऱ्यांदा घेतलं. बाई खूश झाल्या, समोर येऊन बसल्या आणि उद्या कुठे जाणार ते विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं, मडावींकडे.

"सोमाजी मडावीकडे? ते पोरगी पुन्याहून हाकलून देल्ली, त्यायच्याकडे?"

माझा घास हातात राहिला. बाईंची भाची रंजनाच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. रंजना आता तिथे तासिकेवर विज्ञान शिकवत होती. "मशीनमधले आकडे खोटे लिवले म्हंते तिनं. आमच्या इकडचा एक पोरगा पुन्याले शिकते, त्यानं सांगतलं. आता शाळेत पोरायची हजेरी बी तिच्याकडून दोनदा तपासून घेतात. बाप सरळ मानूस आहे, तो बाजारातच येनं सोडला."

मी म्हटलं, "तिने काही खोटं लिहिलं नाही."

"तुमाले कसं ठाव?" बाईंनी विचारलं.

उत्तर अगदी जिभेवर होतं. मी ते दिलं नाही. पाणी प्यायले, हात धुतला आणि खोलीवर गेले. स्वतःची इतकी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

रंजनाचं गाव

रविवारी सकाळी निघालो. चामोर्शीनंतर धानाची रिकामी शेतं, मग सागवान, मग बांबू. डांबर संपलं, मुरूम लागला, मग नुसती चाकोरी. गजूभाऊंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, "आल्या तं बरं केलं." एवढंच.

रंजना अंगणाच्या तोंडाशी उभी होती. "जोहार मॅडम," म्हणाली. हसली नाही, रागही दाखवला नाही. तिच्या आईने तांब्याभर पाणी पायांवर घातलं, मग प्यायला दुसरं पाणी दिलं. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात दिसला की आधी चहाचं आधण ठेवतात. इथे आधी पाय धुतात, बसवतात आणि थोडा वेळ कोणी काही विचारतच नाही. मला तो वेळ फार जड गेला. वडील, सोमाजीभाऊ, ओसरीवर बांबूची चटई विणत होते. वर मान करून त्यांनी जोहार केला आणि पुन्हा पट्ट्यांत बघू लागले.

जेवायला तांदळाची भाकर, जवसाची चटणी, आंबील आणि मोहाची भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून केलेला लाडू. मोहाचं दारूशिवाय काही होतं हे मला ठाऊकच नव्हतं. तसं म्हटल्यावर रंजनाची आई म्हणाली, "सगळ्या पुन्याले तेवढंच ठाव आहे." मी मुकाट्याने दुसरा लाडू घेतला.

जेवण झाल्यावर रंजना मला परसात घेऊन गेली. मी पर्समधून डबी काढली, तिच्यातली काच दाखवली, सूक्ष्मदर्शकाचा फोटो दाखवला. तिने फोटोकडे नुसतं पाहिलं आणि परत दिला.

"मला माहीत होतं, मॅडम. हॉस्टेलवर जाऊन कागदावर मांडलं तेव्हाच कळलं. काटकोनात बसली तर असंच येणार."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तिथंच विचारलं, खूण पाहिली का म्हणून. तुम्ही बोलत होता, तुम्हाला ऐकू गेलं नाही."

मला आठवलं. ऐकू गेलं होतं. आवाज आला होता, पण मी तो मोजला नव्हता. "माझं चुकलं रंजना," मी म्हटलं. "पूर्ण माझं चुकलं. तुझी नोंदणी अजून जिवंत आहे, सत्र संपेपर्यंत. तू परत ये."

ती शेणाने सारवलेल्या कट्ट्यावर बोट फिरवत राहिली. "तुमचं चुकलं हे मला माहीत आहे. बाबांना माहीत नाही. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, खरं का खोटं. विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाली, "आमच्यात चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागं घेतात. परसात नाही घेत. दुपारी गोटुलात बसतात सगळे. याल?"

रविवारी गावात सगळे असतात, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

गोटुलात

गोटुल म्हणजे गावाची एकत्र बसायची जागा. कौलारू छप्पर, चारी बाजू मोकळ्या, लाकडी खांब. पस्तीस-चाळीस माणसं असतील, बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मधे गायता, म्हणजे गावाचा पुजारी आणि वडीलधारा. बारीक अंगाचे, सत्तरीचे. माझ्याइतक्या परिषदांमधून कोणी बोललं नसेल, पण तिथे उभी राहिले आणि आधी ओढणीच नीट करत बसले. मी मराठीत बोलायचं आणि गोंडीत सांगायचं रंजनाने, असं ठरलं. माझी माफी तिलाच भाषांतर करावी लागणार होती, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातही आलं नव्हतं.

सुरुवात मी अर्थातच विज्ञानाने केली. तिथे मला पाय टेकता येतात. सोमाजीभाऊंची अर्धी झालेली चटई मागवून घेतली. उभ्या पट्ट्या बांबूच्या हिरव्या सालीच्या, आडव्या आतल्या पांढऱ्या. म्हटलं, आमचा थर असा असतो. हिरव्या पट्टीवरून वर तोंडाचे कण जातात, पांढरीवरून खाली तोंडाचे. दोन्ही सारखेच असल्याने वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. समजा, माझ्या बाजूला एक दार आहे आणि त्यातून हिरवीवरचे कण आले, तर शेजारच्या चुंबकाचं तोंड वर होतं. आता ही काटकोनात फिरवते. चटई तीच, दार तेच, पण दाराशी आता पांढरी आली. चुंबकाचं तोंड खाली. रंजनाने चटई बरोबर लावली होती. मी फिरवली आणि तिला खोटं ठरवलं.

लोक पुढे सरकून बघत होते. एकाने स्वतः उठून चटई फिरवून पाहिली. मला वाटलं, जमलं. एक म्हातारी, रंजनाची आत्या, गोंडीत काहीतरी म्हणाली आणि बायकांत खसखस पिकली. रंजना माझ्याकडे वळली. "आत्या म्हणते, चौकोनी चटई फिरली तर परक्याला कळणार नाही, खरं आहे. पण जिनं विणली तिला सुरुवात कुठून केली ते ठाऊक असतं. विणणारीला विचारलं का नाही?"

"नाही विचारलं," मी म्हटलं. तिने तेही सांगितलं.

मग गायता बोलले. रंजनाने मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, चटई समजली. तुम्ही बोललात काय, ते राहिलं."

"मी म्हणाले की हे आकडे मोजलेले नाहीत, रचलेले आहेत."

रंजनाने सांगितलं. गायत्यांनी मराठीतच विचारलं, "इतकंच?"

मी रंजनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खांबाकडे बघत होती. तिने पुढचं वाक्य घरी सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी "इतकंच" म्हटलं असतं तर ती गप्प राहिली असती. ती तशीच आहे. पण मग मी एवढ्या लांब काय झक मारायला आले होते?

"अजून एक वाक्य होतं," मी म्हटलं. "मी म्हणाले, असलं तुमच्याकडे जंगलात चालत असेल. इथे चालत नाही."

मराठी समजणारी माणसं आधीच एकमेकांकडे बघू लागली होती. रंजनाने तेही गोंडीत सांगितलं, एक शब्द इकडे तिकडे न करता. मला गोंडी येत नाही, पण वाक्य तेवढंच लांब होतं. सोमाजीभाऊंनी मान खाली घातली. मी हात जोडले. म्हटलं, हे दोन्ही मी मागे घेते. आकड्यांचं चुकीने बोलले. हे दुसरं चुकीने नव्हे, माजाने बोलले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावेसे वाटले नाहीत.

मग गायता सावकाश मराठीत म्हणाले, "हे आमाले लागलं. पन तुमी सांगतलं, ते बरं केलं. आता आयका बाई. हे बोलनं इथी नोहतं झालं. तवा आमी तिथी नोहतो. जे होते, त्यायच्या समोर सांगा. अन पोरगी समोर पायजे."

तेव्हा माझं मला कळलं. दोन दिवसांचा प्रवास, घोंगडी, चटई, सगळं मी आनंदाने केलं असतं, अजून दोनदा केलं असतं. ज्यांच्याशी रोज चहा पिते त्या सहाजणांसमोर हे वाक्य उच्चारायचं, ते मात्र मी टाळलं होतं. काच फिरलेली सापडली तेव्हा मी गटाला काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? "नमुना बसवताना काहीतरी गडबड झाली होती." कुणाची, ते नाही.

"सांगते," मी म्हटलं.

गायत्यांनी रंजनाला विचारलं. तिने आधी गोंडीत उत्तर दिलं, मग माझ्यासाठी मराठीत. "मी ऐकायला येईन. राहायचं का नाही, ते ऐकल्यावर सांगीन."

पुन्हा पुण्यात

पुढच्या आठवड्यात ती आली. सोमाजीभाऊही आले, नवा कोरा सदरा घालून. तीच खोली, तेच सहाजण. सोमाजीभाऊ सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर बसले. मी उभी राहून पहिलं वाक्य सांगितलं आणि मागे घेतलं. दुसऱ्याला आले तेव्हा आमच्यातला एकजण अवघडून म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना, झालं ते झालं." रंजना त्याला म्हणाली, "पूर्ण होऊ दे." मी पूर्ण केलं. इथे ते बोलायला जंगलापेक्षा फार जड गेलं. शेवटी सोमाजीभाऊ "झालं" म्हणाले, उठले आणि मुलीला म्हणाले, "तुझं मशीन कोनतं ते दाखव." तिने त्यांना अर्धा तास सगळं फिरवून दाखवलं. मी बाहेर व्हरांड्यात थांबले.

दोन दिवस तिने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्यासारखीला हे दोन दिवस कसे गेले असतील, ओळखीच्यांनी कल्पना करावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेले तर मोजणी चालू होती. रंजना पडद्याकडे बघत बसली होती. टेबलावर नोंदवही उघडी होती, आणि तिच्यात तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता: 'नमुना कोणी बसवला.' आजच्या ओळीत तिचं नाव होतं. मागची पानं उलटली तर तिथेही तिने तोच रकाना आखून पाच महिन्यांच्या प्रत्येक ओळीपुढे स्वतःचं नाव लिहिलं होतं. तपासणीच्या दिवसाची ओळ तेवढी कोरी सोडली होती.

"मॅडम," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती एक राहिलीय."

मी खुर्ची ओढून बसले आणि माझं नाव लिहिलं.